मंडळीच्या हॉलमध्ये समुपदेशक बसवावा का? मानसशास्त्र, श्रद्धा आणि सेवाकार्य

सदरची_सून

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

आमच्या चर्चच्या कमिटीत काही महिन्यांपासून एकाच विषयावरून वाजतंय. प्रस्ताव साधा आहे. महिन्यातून दोन रविवारी उपासना संपल्यावर पॅरिश हॉलच्या मागच्या खोलीत एक प्रशिक्षित समुपदेशक बसतील. ज्याला बोलायचंय त्याने यावं. फी नाही, मानधन चर्च देईल. तरुण संघाने हे मांडलं, कारण परीक्षा, नोकरी, घरातली दारू, मोडायला आलेली लग्नं असलं सगळं त्यांच्यापर्यंत येतं आणि पुढे काय करायचं ते त्यांना कळत नाही.

विरोधही तितकाच ठाम. एक ज्येष्ठ म्हणाले, "वचन आहे, प्रार्थना आहे, पाळक आहेत. त्यात मानसशास्त्र कशाला? मनोविश्लेषण सुरू करणारा फ्रॉईड तर नास्तिक होता." त्यावर एक मुलगी ताडकन बोलली, "काका, मला झोप येत नाही म्हटलं की तुम्ही स्तोत्राचा नंबर सांगता." पाळकसाहेब दोघांकडे बघत चहा पीत राहिले.

मी सचिव, त्यामुळे टिपण मला लिहायचंय. ख्रिस्ती श्रद्धा आणि मानसशास्त्र एका छपराखाली नांदू शकतात का? कुणाच्या चर्चमध्ये असं काही केलंय का? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. भांडा हवं तर, फक्त धर्मांतरावर नेऊ नका, त्याचे वेगळे धागे आहेत.

तर्री_झणझणीत

आमच्या मंडळीत समुपदेशकांची कमी नाही ताई. उपासना सुटली की गेटवरच ओपीडी लागते. लग्न काऊन नाही झालं, झालं तर मूल काऊन नाही, मूल आहे तर एवढं वाळून काऊन राहिलं. सगळं फुकट. तुम्ही मानधनावर बाई आणून कायले या काकूंच्या पोटावर पाय देता?

उपासक_कामठीरोड

विषय थट्टेचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी विरोधी गटातला आहे.

माझा विरोध डॉक्टरला नाही. बायबलमधला लूक वैद्य होता आणि प्रेषित पौलाने त्याला 'प्रिय वैद्य' म्हटलं. आपला सहकारी तीमथ्य याच्या पोटासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, नुसती प्रार्थना कर म्हटलं नाही. तेव्हा गोळी घ्या, जरूर घ्या.

माझी अडचण समुपदेशनाशी आहे. समुपदेशन माणसाने कसं जगावं ते सांगतं, आणि ते सांगताना माणूस म्हणजे काय याची एक कल्पना आधीच मनात धरतं. आमच्या कल्पनेत पाप आहे, पश्चात्ताप आहे, क्षमा आहे. त्यांच्या कल्पनेत 'अपराधभावना' आहे आणि ती कमी करायची असते. आता एखाद्याने खरोखर भावाची जमीन लाटली असेल आणि त्याला झोप लागत नसेल, तर त्याची झोप परत आणायची की जमीन परत करवायची? अमेरिकेत जे ॲडम्स नावाच्या पाळकाने १९७० साली हाच मुद्दा जोरात मांडला होता, की पाळकांनी आपलं काम मानसोपचारवाल्यांच्या हवाली केलं आहे. त्यांचं सगळं मला पटतं असं नाही, पण हा प्रश्न विचारल्याबद्दल त्यांना नुसतं जुनाट म्हणून उडवून लावता येत नाही.

"कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे वचन आमच्याकडे भिंतीवर आहे. ते भिंतीवरून उतरवायचं का, तेवढं सांगा.

निरीश्वर_नागपूरकर

उतरवा. ज्याला पॅनिक अटॅक येतो त्याला ते वाचून आणखी एक चिंता लागते, की मी चिंता करतो म्हणजे माझा विश्वास कमी.

फ्रॉईडने १९२७ मध्येच सांगून ठेवलं की धर्म हा एक भ्रम आहे, बापाच्या छत्राची मोठेपणी राहिलेली ओढ. आणि भ्रमाची किंमत काय असते? ऑगस्ट २००१, तामिळनाडूतलं एरवाडी. दर्ग्याशेजारी मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं, आग लागली आणि २८ जण जळून मेले, कारण त्यांना पळताच आलं नाही. तो दर्गा होता, उद्या चर्च असेल, परवा देऊळ. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. 'प्रार्थनेने डिप्रेशन बरं करतो' म्हणणाऱ्या सगळ्यांना त्यात आत टाका. समुपदेशक जरूर बसवा, पण चर्चमध्ये नको. चर्चच्या बाहेर.

डॉ_मानकापूर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, ख्रिस्ती नाही.

निरीश्वर, त्या कायद्याबद्दल जरा जपून. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. उपचार घेण्यापासून रोखण्याचं कलम साप, विंचू, कुत्रा चावण्यापुरतं आहे. नुसती प्रार्थना करणाऱ्याला त्यात आत टाकता येत नाही आणि टाकूही नये. साखळीने बांधायला मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची स्पष्ट बंदी आहे, मग जागा कुठलीही असो.

आता धाग्याचा विषय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात साधारण १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. त्यांतल्या, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. हे लोक कुठेच गेले नव्हते असं समजू नका. ते कुणाकडे तरी गेलेले असतात. बाबाकडे, दर्ग्यावर, प्रार्थना सभेत, ज्योतिषाकडे. आमच्याकडे येतात तेव्हा दोन-तीन वर्षं निघून गेलेली असतात. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, पण आजही नातेवाईक ऑटो मानकापूर चौकात सोडतात आणि पुढे पायी येतात, ऑटोवाल्याला पत्ता कळू नये म्हणून. पाळकांच्या दारात जाताना अशी लाज वाटत नाही. म्हणून मला ते पाळक हवेत. त्यांनी उपचार करावेत असं नाही. त्यांना तीन गोष्टी ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं: हा दुःखी आहे की आजारी, जिवाला धोका आहे का, आणि आता कुणाकडे पाठवायचं.

पुस्तकी_किडा

फ्रॉईडचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं म्हणून एक किस्सा.

झुरिचमध्ये ऑस्कर फिस्टर नावाचा प्रोटेस्टंट पाळक होता. १९०९ पासून फ्रॉईड मरेपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, दोघांचा पत्रव्यवहार चालला. पाळकपद न सोडता फिस्टर मनोविश्लेषण करायचा. फ्रॉईडने त्याला अगदी सुरुवातीच्या पत्रांतच कबूल केलं होतं की मनोविश्लेषण मुळात धार्मिकही नाही आणि धर्मविरोधीही नाही, पीडितांच्या सेवेसाठी पाळक आणि बिगरपाळक दोघांनीही वापरावं असं ते साधन आहे. आणि १९२७ ला धर्माला भ्रम म्हणणारं ते पुस्तक आल्यावर फिस्टरने १९२८ मध्ये त्याला छापील उत्तर दिलं. मैत्री तुटली नाही.

तेव्हा कमिटीतल्या काकांना सांगा, फ्रॉईड नास्तिक होता हे खरं, पण त्याचा एक जवळचा दोस्त पाळक होता. आणि निरीश्वर, तुम्हालाही तेच सांगणं आहे.

मानसशास्त्राने धर्माकडे नेहमी हेटाळणीनेच पाहिलं असंही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०१-०२ मध्ये एडिंबरोला धार्मिक अनुभवांवर व्याख्यानं दिली. एखादा अनुभव शरीरातल्या कुठल्या बिघाडातून आला यावरून त्याची किंमत ठरत नाही, त्याची फळं काय ते बघा, असा त्याचा रोख होता. हे ऐकून उपासक काकांना मत्तयाच्या शुभवर्तमानातलं काहीतरी आठवेल.

उपासक_कामठीरोड

आठवलं. अध्याय ७, ओवी १६. पण तो उपदेश खोट्या संदेष्ट्यांबद्दलचा आहे हेही आठवलं.

बर्डीवाला

दोघं पत्रातून तीस वर्षं भांडले, अन् इथे लोक तीस मिनिटांत ब्लॉक करून राहिले. पुढे चालू द्या.

मेकोसाबागची_लेक

मी वाचक आहे, लिहीत नाही, पण आज लिहिते.

माझ्या मोठ्या बहिणीला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं. लिथियमच्या गोळ्या चालू होत्या, रक्त तपासून डोस ठरवलेला, घर शांत होतं. मग शहराबाहेरून आलेल्या एका प्रचारकांच्या सभा झाल्या. तिथे कुणीही तिला 'गोळ्या बंद कर' असं म्हटलं नाही, हे मुद्दाम सांगते. तिथे साक्ष द्यायची असते. "मी बरी झाले" असं मंचावर सांगायचं. आणि गोळ्या घेत असताना 'बरी झाले' कसं म्हणणार, हे तिचं तिनेच ठरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया झालं. पुढच्या पावसाळ्यात ती दोन रात्री न झोपता घरभर सामान काढून वाटत होती. शेजारच्यांना आधी वाटलं की ही आत्म्याने भरली आहे. नंतर जे झालं ते इथे लिहीत नाही.

ते प्रचारक तोवर दुसऱ्या गावी होते. वर्षानुवर्षं मंचावर फक्त बरे झालेले लोकच दिसले, की आजारी माणसाला एक तर खोटं बोलावं लागतं, नाही तर घरी बसावं लागतं. "मी अजून आजारी आहे, गोळ्या घेते, आणि देव माझ्याबरोबर आहे" अशी साक्ष मी आजवर ऐकलेली नाही. पौलाने तरी तीच दिली होती. शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला.

बहीण आता बरी आहे. गोळ्यांवर आहे. चर्चला जाते, मागच्या बाकावर बसते.

सदरची_सून

@मेकोसाबागची_लेक, लिहिल्याबद्दल खूप आभार. साक्षीचा मुद्दा टिपणात घालू का? ओळख पटेल असं काहीही न देता.

मेकोसाबागची_लेक

घाला. तिला विचारलं, हो म्हणाली.

सेमिनरीहिल्स_वॉकर

कॅथोलिक बाजू मांडतो. काही वर्षं सेमिनरीत होतो, मग बाहेर पडलो, आता बँकेत आहे. (सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की टेकडीचं नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून आलंय? असो.)

आमच्याकडे हे भांडण बऱ्याच अंशी मिटलंय, निदान कागदावर. सेमिनरीतल्या उमेदवारांसाठी मानसशास्त्राचा वापर कसा करावा याबद्दल रोमने २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पोप फ्रान्सिस यांनी स्वतःच सांगितलं की बेचाळिसाव्या वर्षी ते सहा महिने एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात होते. २०१७ ला हे छापून आलं, आणि आमच्या एका म्हाताऱ्या फादरांनी ती बातमी कापून नोटीस बोर्डावर लावली होती. आत्महत्या केलेल्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा नियम चर्चच्या कायद्याच्या १९१७ च्या संहितेत होता, १९८३ च्या संहितेत तो उरला नाही. गंभीर मानसिक आजार, यातना, भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते हे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात लिहिलेलं आहे. भूतबाधेच्या विधीलाही बिशपची परवानगी लागते, आणि आधी हा आजार तर नाही ना ते पाहावं लागतं. सिनेमात दाखवतात तसं कुणीही उठून करत नाही.

पण उपासक काकांनी पापाचा मुद्दा काढलाय तो खरा अवघड आहे. एका ओळखीच्या मुलाचं सांगतो. दर शनिवारी पापनिवेदनाला जायचा. मग आठवड्यातून दोनदा, मग रोज. पाप काय, तर मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या वेळी मनात एक घाण विचार आला. फादर क्षमा द्यायचे, तो दारापर्यंत जायचा आणि परत यायचा: "फादर, मी नीट सांगितलं नाही बहुतेक." एका फादरांनी कंटाळून हाकललं. दुसरे इतके प्रेमळ की दर वेळी बसवून समजावायचे. प्रेमळ फादरांकडे जायला लागल्यावर तो जास्त बिघडला. याचं उत्तर डॉक्टर देतील.

डॉ_मानकापूर

देतो, कारण हे शिकवण्यासारखं उदाहरण आहे. तो ओसीडीचा धार्मिक प्रकार आहे. हात धुण्याऐवजी पाप धुणं. ओसीडीत मनात नको तो विचार येतो, भयंकर अस्वस्थता येते, ती घालवायला माणूस एक कृती करतो. कृतीने थोडा वेळ बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच चक्र पक्कं होतं. इथे कृती म्हणजे पापनिवेदन, आणि फादरांचं समजावणं हा त्या चक्राचाच भाग झाला. जितकं प्रेमाने समजावलं तितकी परत येण्याची गरज वाढली.

उपचारात आम्ही अस्वस्थता सहन करायला आणि कृती न करायला शिकवतो, सोबत लागलं तर औषध. पण मी त्या मुलाला सांगितलं की आज पापनिवेदनाला जाऊ नकोस, तर तो माझं का ऐकेल? त्याच्या दृष्टीने प्रश्न नरकाचा आहे आणि मी तर चर्चचाही नाही. हे फादरांनीच सांगावं लागतं, की ठरलेल्या दिवशी ये, एकदाच सांग, परत आलास तर मी ऐकणार नाही. याला तो आज्ञापालन समजतो आणि पाळतो. अशा रुग्णांत मी नातेवाइकांच्या आधी त्यांच्या धर्मगुरूला फोन करतो, अर्थात रुग्णाची परवानगी घेऊन.

सेमिनरीहिल्स_वॉकर

अगदी असंच झालं. एकच कबुलीगुरू ठरवून दिले, आणि त्यांच्याशिवाय कुणाकडे जायचं नाही असं बजावलं. चर्चला हे जुनं ठाऊक होतं. लोयोलाचे संत इग्नेशियस स्वतः या त्रासातून गेले होते आणि प्रोटेस्टंट पंथाचा ल्यूथरही तासन्‌तास कबुली देत बसायचा. फक्त आपल्या फादरांना त्या मुलाकडे बघून हे आठवलं नाही, एका बाहेरच्या डॉक्टरने आठवण करून द्यावी लागली.

उपासक_कामठीरोड

हे उदाहरण माझ्या मुद्द्याच्या विरोधात नाही, त्याची बूज राखणारं आहे. इथे डॉक्टरांनी 'पाप वगैरे काही नसतं' असं सांगितलं नाही. भावाची जमीन लाटणारा आणि हा मुलगा, दोघांना झोप नाही. एकाला पापनिवेदन हवं आहे, दुसऱ्याला ते थांबवायला हवं आहे. फरक कोण ओळखणार? मला तरी त्या खोलीतल्या बाई एकट्याने ओळखतील असं वाटत नाही.

डॉ_मानकापूर

आणि पाळक एकटे ओळखतील असं मला वाटत नाही. म्हणजे आपलं एकमत झालं की काय?

उपासक_कामठीरोड

नाही. आपण एका मुद्द्यावर थांबलो आहोत.

जरीपटका_एक्सप्रेस

एवढं काय त्यात? डिप्रेशन म्हणजे शुगरसारखं. शुगरची गोळी घेताना कोणी पाळकाला विचारतं का? घ्या गोळी, संपला विषय.

पुस्तकी_किडा

लाज घालवायला हे वाक्य उपयोगी आहे, पण पूर्ण खरं नाही. शुगर रक्तात मोजता येते. नैराश्याचं निदान आजही माणसाशी बोलूनच होतं. आणि शुगर झालेला माणूस 'देवाने मला टाकलं' असं म्हणत येत नाही, नैराश्य आलेला श्रद्धावान पुष्कळदा तेच म्हणत येतो. ते वाक्य गोळीने आपोआप जाईल का?

केनेथ पार्गामेंट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर आयुष्य घालवलं. धर्माचा आधार दोन तऱ्हांनी घेतला जातो असं त्याचं म्हणणं. एक, देव माझ्या बाजूला आहे, मंडळी सोबत आहे, यातून काही अर्थ निघेल. दुसरा, देव मला शिक्षा करतोय, त्याने पाठ फिरवली, हे सैतानाचं काम आहे. रुग्णालयातल्या वृद्धांवरचा त्याचा आणि सहकाऱ्यांचा २००१ चा अभ्यास आहे. ज्यांच्या मनात हा दुसरा झगडा होता, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मरणाचं प्रमाण जास्त दिसलं, आजाराची तीव्रता वगैरे हिशोबात धरूनही. म्हणजे 'श्रद्धा चांगली की वाईट' हा प्रश्नच ढोबळ आहे. कुठल्या देवावर श्रद्धा आहे, ते विचारा.

निरीश्वर_नागपूरकर

कुठल्याही नाही. पण अभ्यासाचा मुद्दा नोंदवून ठेवतो.

तर्री_झणझणीत

नोंदवून ठेव बावा. डिसेंबरात आमच्याकडे केक खायले ये, तवा बोलू.

निरीश्वर_नागपूरकर

केकला माझा तात्त्विक विरोध कधीच नव्हता.

धरमपेठ_ची_ताई

दुसरी बाजू कुणीच लिहीत नाही म्हणून लिहिते. मी समुपदेशनाला गेले होते, चर्चमध्ये नाही, खासगी. बाई हुशार होत्या. पण मी उपास-प्रार्थना करते म्हटल्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि दर बैठकीत तिथेच यायच्या. "तुम्ही चर्चवर अवलंबून आहात असं नाही का वाटत?" माझा प्रश्न सासरच्यांचा होता हो! आई गेल्यावर चर्चमधल्या बायकांनी तेरा दिवस नाही, तीन महिने डबा पाठवला. तो आधार मी सोडू, आणि तासाला पैसे घेऊन ऐकणाऱ्या बाईंवर अवलंबून राहू? मी जाणं बंद केलं. तेव्हा मानसशास्त्रवाल्यांनीही देवाधर्माचं थोडं शिकून यावं.

डॉ_मानकापूर

मान्य. आमच्या शिक्षणात याला फार थोडी जागा आहे. रुग्णाची श्रद्धा बदलणं हे उपचारकाचं काम नाही, मग उपचारक आस्तिक असो की नास्तिक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं उदाहरण इथे द्यायला हवं. तिथला मनोविकार विभाग १९५० च्या दशकात कॅनडाच्या मिशनरी मनोविकारतज्ज्ञ फ्लॉरेन्स निकल्स यांनी उभा केला. तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं, उपचारात भाग घेतं. साखळदंड आणि उंच भिंतींच्या काळात ही मोठी गोष्ट होती. मिशन आणि मनोविकारशास्त्र यांची भेट भारतात आधीच होऊन गेली आहे. आपण ती नव्याने घडवायला निघालो आहोत असं समजायचं कारण नाही.

पाळकाघरची

मी एका पाळकांची पत्नी. कुठल्या चर्चची ते विचारू नका, नागपूर मोठं शहर असलं तरी आपला समाज लहान आहे.

तुम्ही सगळे मंडळीच्या लोकांनी कुठे जावं ते ठरवताय. पाळकाने कुठे जावं? रात्री दोनला फोन येतो, मुलाने काहीतरी घेतलंय. हे जातात. सकाळी अंत्यविधी, दुपारी लग्नाची बोलणी, संध्याकाळी कमिटीत लाइट बिलावरून दोन तास वाद. घरी आले की बोलत नाहीत. त्यांनी सांगायचं कुणाला? वरिष्ठांना सांगितलं तर बदलीची भीती, मंडळीला सांगितलं तर पाळकाचाच विश्वास डळमळला म्हणतील. मला सांगतात, मग मी कुणाला सांगू?

कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरला त्यावर दर वर्षी प्रवचन होतं. त्याच्या पुढच्या अध्यायावर फारसं होत नाही. तोच संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो आणि त्याला एकही वचन सांगत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो. परत उठवून परत खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी होरेब डोंगरावर. आमच्या घरी कुणी अशी भाकर घेऊन आलेलं मला आठवत नाही. पाळकाघरी लोक मागायला येतात.

त्या खोलीत समुपदेशक आले तर पहिली वेळ मी ह्यांच्यासाठी घेईन. पण आमच्याच हॉलमध्ये आमच्याच लोकांसमोरून कसे जातील हे?

पुस्तकी_किडा

@पाळकाघरची, तुमच्या पोस्टला उत्तर देण्याची माझी लायकी नाही, एक माहिती फक्त. रुग्णालयात पाळकांना प्रत्यक्ष प्रशिक्षण देण्याची जी पद्धत जगभर आहे, ती सुरू करणारा अँटन बॉयसन हा स्वतः पाळक होता आणि १९२० मध्ये तीव्र मानसिक आजाराने रुग्णालयात दाखल झाला होता. बाहेर आला, १९२४ मध्ये दुसऱ्या एका मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे तिथला पाळक झाला, आणि १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिथे बोलावून रुग्णांकडून शिकायला लावलं. त्याला पुढेही झटके आले. तरी काम थांबलं नाही.

बर्डीवाला

पाळकाघरच्या ताईंचा शेवटचा प्रश्न खरा आहे. फ्रॉईड, ॲडम्स, पोप सगळे बाजूला ठेवा. आपल्या इथली अडचण श्रद्धा-विज्ञान नाहीच. अडचण आहे की सांगितलेलं टिकत नाही.

घरगुती प्रार्थना सभेत 'प्रार्थना विनंती' कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. "अमुक भावाच्या घरासाठी प्रार्थना करा." का हो? "नाही, म्हणजे त्याचं जरा पिणं वाढलं आहे, बायको माहेरी गेली आहे." आमेन. सोमवारी सकाळी बेझनबागपासून मोहननगरपर्यंत खबर. सांगणाऱ्याच्या मनात पाप नसतं, त्याने प्रार्थनाच मागितली असते. पण ज्याची खबर झाली तो पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. समुपदेशकाची डिग्री नंतर पाहा, आधी पाहा की ती बाई कुणाच्या नात्यातली नाही ना, कुठल्या महिला मंडळात नाही ना. माझ्या मते हीच पहिली पात्रता.

उपासक_कामठीरोड

बर्डीवाल्यांशी मी सहसा सहमत नसतो. इथे आहे. पण मग बाई ख्रिस्ती नसल्या तरी चालतील असा त्याचा अर्थ होतो, आणि तिथे माझा विरोध कायम आहे. चर्चच्या छपराखाली, चर्चच्या पैशाने जो सल्ला दिला जाईल त्याची जबाबदारी चर्चची असते.

धरमपेठ_ची_ताई

मला ख्रिस्ती नसलेली चालेल, वहीत न लिहिणारी हवी.

डॉ_मानकापूर

वहीत लिहावंच लागतं ताई, पण ती वही कपाटात कुलपात राहते.

सचिवबाईंसाठी कामाचं लिहितो. 'समुपदेशक' अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावतो, म्हणून पदवी आणि प्रत्यक्ष देखरेखीखाली केलेलं काम, दोन्ही बघा. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवणाऱ्याकडे पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी हवी. औषध फक्त डॉक्टर देईल. गोपनीयतेला अपवाद असतात ते पहिल्याच भेटीत सांगायचे: जिवाला धोका असेल तर घरच्यांना कळवावं लागेल, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आरोप चर्चच्याच माणसावर असला तरी. हे कमिटीने आधी मान्य करावं, नंतर वाद घालू नये. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दारावर मोठ्या अक्षरांत लावा. चोवीस तास, मराठीतही बोलतात, फुकट आहे. ते वचन भिंतीवर राहू द्या, उपासकजी. शेजारी हा नंबर लावा.

सेमिनरीहिल्स_वॉकर

पोक्सोच्या वाक्यावर कमिटीतले किती जण गप्प बसतात ते पाहा. त्यावरून पुष्कळ कळेल.

सदरची_सून

खूप मिळालं. टिपणाचा मसुदा असा करतेय, चूक वाटली तर सांगा.

समुपदेशक आपल्या मंडळीच्या सभासद नसतील, दुसऱ्या मंडळीच्या ख्रिस्ती असल्या तर उत्तम, नसल्या तर श्रद्धेचा मान राखणाऱ्या. त्या प्रार्थना करणार नाहीत आणि करू नका असंही सांगणार नाहीत. कुणाला पाळकांशी बोलायचं असेल तर त्या पाठवतील, आणि पाळकही त्यांच्याकडे पाठवतील, पण माणसाच्या परवानगीशिवाय एकमेकांना काही सांगणार नाहीत. नोंदी चर्चच्या कपाटात नाही, त्यांच्याकडे राहतील. मंचावरून 'बरं झाल्याची' साक्ष देणाऱ्याला औषधाबद्दल डॉक्टरांनाच विचारायचं असं जाहीर सांगितलं जाईल, हा मुद्दा मेकोसाबागच्या ताईंमुळे. आणि पाळकांच्या घरासाठी डायसिसकडून, म्हणजे बिशपच्या कार्यालयाकडून, शहराबाहेरचा समुपदेशक मागायचा, हॉलमधला नाही.

कालच्या अनौपचारिक बैठकीत हे वाचलं. साक्षीच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त आवाज चढले. पोक्सोवर दोन जण खरंच गप्प होते. खजिनदारांनी विचारलं, चहाचा खर्च कुठल्या खात्यात?

तर्री_झणझणीत

सुवार्ता खात्यात टाका. चहा पिऊन माणूस बोलला तर तीच सुवार्ता.

उपासक_कामठीरोड

मी कमिटीत असतो तर मसुद्यातल्या 'नसल्या तर' या भागाविरुद्ध मत दिलं असतं. बाकी मसुदा ठीक आहे. साक्षीची अट मात्र आमच्या मंडळीतही मांडणार आहे, तिथे समुपदेशक असो वा नसो.

डॉ_मानकापूर

एक राहिलं. पहिल्या दोन-तीन रविवारी कुणी येणार नाही. लोक आधी बघतात की तिथे कोण जातंय. तेवढ्यावरून 'गरजच नव्हती' असा ठराव करून बंद करू नका, वर्षभर चालवा. आणि वेळ उपासनेनंतरची ठेवू नका, तेव्हा सगळं गाव आवारात असतं. मंगळवारी संध्याकाळी ठेवा.

सदरची_सून

मंगळवारी हॉलमध्ये कॉयरचा सराव असतो. गुरुवार बघते.